लॉपितालचा नियम नक्की कोणाचा?

अनघड_गणित:
०/० आलं की वरखाली अवकलन करायचं आणि मोकळं व्हायचं, एवढाच माझा या नियमाशी संबंध. आता वाचतोय की नियम मुळात स्विस गणिती योहान बर्नुलीचा आणि लॉपिताल या फ्रेंच सरदाराने तो चक्क विकत घेतला. खरं आहे की लोणकढी? आणि ज्यात तो छापला ते १६९६ चं पुस्तक आज वाचण्यात काही अर्थ आहे का?

तिरपी_रेघ:
खरं आहे. श्रीमंत सरदार, गरजू मास्तर. सरळ चोरी.

जुनी_वही:
चोरी कसली, रीतसर सौदा होता! मार्च १६९४ च्या पत्रात लॉपितालने वर्षाला ३०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देऊ केले. अट अशी, की नवे शोध बर्नुलीने त्यालाच कळवायचे. इतरांना, अगदी व्हारिन्यों या फ्रेंच गणितीलाही, नाही. पुढे पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने बर्नुली बंधूंचे, त्यातही धाकट्याचे म्हणजे योहानचे, आभार मानलेत आणि त्यांना हवं तेवढं श्रेय त्यांनी खुशाल घ्यावं असंही म्हटलंय. पहिल्या आवृत्तीवर स्वतःचं नावसुद्धा घातलेलं नाही. फक्त नेमकं काय कोणाचं, ते सांगायचं शिताफीने टाळलं. १७०४ मध्ये लॉपिताल गेल्यावर बर्नुलीने हक्क सांगितला, पण सख्ख्या भावाशीही हाडवैर धरणारा माणूस, त्याचं कोण ऐकणार? १९२२ मध्ये त्याची अवकलनावरची जुनी टिपणं छापली गेली, तेव्हा कुठे त्याचं म्हणणं लोकांना पटलं.

माझं मत विचाराल तर गणित बर्नुलीचं, पण पुस्तक लॉपितालचं. कलनशास्त्राचा एक जनक लाइब्नित्स, त्याचा अवकलनावरचा १६८४ चा लेख जेमतेम सहा पानांचा आणि भल्याभल्यांना न कळलेला. लॉपिताल मात्र आधी दोन गृहीतकं मांडतो. एक, दोन राशींत अत्यल्प फरक असेल तर एकीच्या जागी दुसरी चालेल. दोन, वक्र म्हणजे असंख्य अत्यल्प सरळ रेषांची साखळी. मग xy चं अवकलन करताना x dy + y dx + dx dy येतं (dx, dy म्हणजे x आणि y मधला अत्यल्प बदल) आणि शेवटचं dx dy पठ्ठ्या बिनदिक्कत सोडून देतो. सीमा (limit) वगैरे काही नाही. आजच्या परीक्षकाने गुण कापले असते.

तुमचा नियम नवव्या प्रकरणात आहे, आणि तो आकृतीवरून येतो. अंशाचा एक वक्र, छेदाचा दुसरा, दोघेही अक्षाला एकाच बिंदूत छेदतात. तिथे दोन्ही उंच्या शून्य. तिथून dx एवढं पुढे सरका, की दोन्ही उंच्या म्हणजे नुसते त्यांचे dy उरतात. गुणोत्तर त्यांचंच घ्यायचं. उदाहरण मात्र भयंकर:

[√(२a³x − x⁴) − a∛(a²x)] ÷ [a − ⁴√(ax³)], x = a

करून बघा. वर −४a/३, खाली −३/४.

अनघड_गणित:
१६a/९ आलं! त्या वर्गमुळाने घाम काढला. समाकलनही आहे का यात?

जुनी_वही:
नाही. लाइब्नित्स त्यावर लिहिणार आहे म्हणून लॉपितालने ते सोडलं, आणि लाइब्नित्सचा तो ग्रंथ काही शेवटपर्यंत आला नाही. १७३० मध्ये एडमंड स्टोनने इंग्रजीत आणताना समाकलनाचा भाग पदरचा जोडला, आणि dx काढून सगळीकडे न्यूटनची टिंबं (अक्षरावर टिंब देऊन अवकलन दाखवायची त्याची पद्धत) बसवली.

तिरपी_रेघ:
३०० लिव्रमध्ये मीही गप्प बसलो असतो म्हणा.