मदत हवी आहे: भावाचं रिव्हिजन चार दिवसांच्या वर टिकत नाही

आडवा_धागा
कुणीतरी पटकन सांगा. भाऊ अभ्यास करत नाही असं नाही. टाइमटेबल बनवतो, चार दिवस पाळतो, पाचव्या दिवशी बोंब. आतापर्यंत तीन टाइमटेबलं झाली. शेवटचं तर ड्रॉइंगच्या कागदावर पाच रंगांत. बीजगणित हिरवं, भूमिती निळी, इतिहासाला चॉकलेटी. ते रंगवण्यातच शनिवार-रविवार गेले. सहामाहीला जे तोंडपाठ होतं ते आता विचारलं तर कोरा. जानेवारीत प्रिलिम आहे. सवय लागायला नक्की काय करायचं? अ‍ॅप असेल तर तेही सांगा. 'मन लावून अभ्यास कर' सोडून काहीही चालेल.

निवृत्त_मास्तर
ताई, कितवीत आहे? बोर्ड कुठलं, माध्यम कुठलं? प्रिलिम दहावीलाही असते आणि बारावीलाही.

आडवा_धागा
दहावी, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. सोलापूर. बारावीला कोण ड्रॉइंगच्या कागदावर टाइमटेबल रंगवतं?

पहाटवारा
पहाटे ४ ला उठवा. बाकी सगळं झूठ. माझ्या दोन्ही मुली पहाटे उठून शिकल्या, आज दोघी पुण्यात नोकरीला आहेत. पहाटे वाचलेलं डोक्यात कोरलं जातं.

रातकिडा
झालं सुरू. पोरगा रात्री साडेअकराला झोपत असेल तर ४ ला उठून काय कोरणार, डुलक्या? मी दहावी-बारावी रात्री १ पर्यंत जागून केली. ज्याला जी वेळ मानवते ती त्याची.

पहाटवारा
म्हणूनच तुम्ही अजून जागे आहात, आणि इथं वाद घालताय.

होटगी_रोड
भांडण बाजूला ठेवा हो. ताई, तो घरी बसतो किती वाजता, आणि बसतो कुठं?

आडवा_धागा
शाळा ११ ते ५. घराच्या खालच्या खोलीत माग आहेत, खटखट चालूच असते, त्याची आम्हाला सवय आहे. रात्री ८ ला पाळी बदलते, बाबा वर येतात, जेवणं होतात. मग ९ ते ११ त्याची वेळ. पाणी येतं त्या दिवशी मात्र तो आणि मीच भरतो, खालून वर बादल्या. कधी रात्री ९ ला येतं, कधी १२ ला.

होटगी_रोड
पाणी कितव्या दिवशी येतं?

आडवा_धागा
पाचव्या.

आडवा_धागा
अरे देवा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कडक_भाकरी
लई भारी पकडलं बे. आमच्या जुळे सोलापुरात पण तीच गत. उजनी धरण काठोकाठ भरलं तरी नळाला चार दिवसांआड. अन् सोडतात कधी? आपण झोपल्यावर.

रातकिडा
चार दिवसांआड म्हणजे नशीबवान आहात. आमच्याकडं गेल्या आठवड्यात सहावा दिवस उजाडला.

होटगी_रोड
पाण्यासाठी वेगळा धागा काढा. ताई, घड्याळाची वेळ सोडून द्या. रोज न चुकता काय होतं ते बघा. जेवण रोज होतं ना? मग ताट उचललं की लगेच २० मिनिटं, पाणी येवो न येवो. बाकीचे दोन तास मिळाले तर मिळाले. पाण्याच्या दिवशी २० मिनिटं झाली तरी तो दिवस 'झाला' धरायचा. नाहीतर एक दिवस बुडाला की पोरं अख्खं टाइमटेबल फेकून नवं रंगवायला घेतात.

लाल_पेन
अजून एक. तो रिव्हिजन करतो म्हणजे नेमकं काय करतो? पुस्तक बंद करून लिहितो की नुसतं वाचतो?

आडवा_धागा
वाचतो. हायलायटर मारून. पान संपलं की 'झालं'.

लाल_पेन
तिथंच गोम आहे. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतं असं वाटतं. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी हेच तपासलं होतं. उतारा पुन्हा वाचणारी मुलं पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढं होती. दोन दिवसांनी आणि आठवड्यानं मात्र न बघता आठवून लिहिणारी पुढं गेली. उद्या त्याला 'भिंगे' धड्याचं एक पान वाचू द्या, पुस्तक मिटून पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायला सांगा, आणि मग त्यानंच लाल पेनानं तपासायचं. किती आलं ते इथं टाका.

पुठ्ठ्याचं_खोकं
याच्या पुढची पायरी म्हणजे चिठ्ठ्या. १९७२ साली सेबास्टियान लाइटनर यांनी ही खोक्याची रीत लिहिली. अ‍ॅप नको, मोबाईल हातात आला की संपलं. चपलेचं खोकं घ्या, तीन कप्पे करा. चिठ्ठीच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. माझ्या पुतण्याची संज्ञा, सूत्रं, सनावळ्या सगळी खोक्यात होती.

निवृत्त_मास्तर
खोक्यात गणित येत नाही हो. बीजगणित ४० आणि भूमिती ४०, असा ८० गुणांचा लेखी पेपर हातानं सोडवावा लागतो. त्रिकोणमितीचं सूत्र चिठ्ठीवर पाठ असलेली आणि उदाहरणात कुठं लावायचं ते न कळणारी किती मुलं दाखवू? रोज दोन उदाहरणं, तीही आदल्या आठवड्याच्या धड्यातली. आज शिकवलेली नव्हेत.

पुठ्ठ्याचं_खोकं
सर, चिठ्ठीवर उदाहरणही लिहिता येतं. मागे फक्त 'सरावसंच अमुक, पान तमुक' एवढं लिहायचं. खोकं फक्त पाळी लावतं.

निवृत्त_मास्तर
हे पटलं.

डिप्लोमावाला
माझं ऐका, दहावीनंतर अकरावीच्या नादाला लागू नका. तीन वर्षांचा डिप्लोमा करा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मी तेच केलं.

रातकिडा
आधी दहावी तर होऊ दे त्याची.

आडवा_धागा
लाल_पेन, काल केलं. एका पानातल्या चार ओळी आल्या. भिंगाच्या सूत्रात वजाच्या जागी अधिक लिहिलं. वर म्हणतो, 'अक्का, हे तर मला येत होतं.'

लाल_पेन
अधिक म्हणजे नववीतलं आरशाचं सूत्र आलं असणार. हे चांगलंच झालं, निदान दिसलं तरी. वाचत बसला असता तर मार्चपर्यंत कळलं नसतं. त्या चार ओळी शब्दशः पुस्तकातल्या होत्या का?

आडवा_धागा
हो, जशाच्या तशा. मधला एक शब्द अडला की पुढचं सगळं बंद.

निवृत्त_मास्तर
'अक्का' म्हणतो. घरात तेलुगू बोलता का?

आडवा_धागा
हो. त्याचा काय संबंध? तो बालवाडीपासून मराठीत शिकलाय, बोलतो पण छान.

निवृत्त_मास्तर
बोलण्याची मराठी आणि 'अपवर्तनांक म्हणजे' वाली मराठी, दोन्ही वेगळ्या. मराठी घरातल्या पोरांनाही दुसरी परकीच असते. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीतल्या शाळेत माझी बरीच वर्षं गेली. मुलं वाक्य गाण्यासारखं पाठ करायची. मी त्यांना सांगायचो, आधी घरी जाऊन आईला तेलुगूत समजावून सांग. तिला कळलं तर तुला कळलं. मग मिटल्या पुस्तकानं मराठीत लिही. जिथं तेलुगूत सांगतानाच अडखळतो, तो धडा कच्चा.

कडक_भाकरी
मास्तर, आमच्या वेळी तुम्ही कुठं होतात?

पहाटवारा
पहाटे सांगायला लावा आईला. तेव्हा मागही बंद असतात.

आडवा_धागा
नसतात. रात्रपाळी असते.

कडक_भाकरी
अन् जानेवारीचं काय? प्रिलिम अन् सिद्धेश्वराची गड्डा जत्रा बरोबरच येतात. नंदीध्वज निघाले की सोलापुरात कुठलं पोरगं घरात बसतंय?

होटगी_रोड
जाऊ द्या की एक संध्याकाळ. पाण्याच्या दिवसासारखंच, ताट उचलल्यावरची २० मिनिटं करून मग गड्ड्यावर.

आडवा_धागा
बारा दिवस झाले, म्हणून सांगते. दोन दिवस पूर्ण बुडाले, एकदा ताप आणि एकदा मावसभावाचं लग्न. मधे दोनदा पाणी आलं, दोन्ही दिवशी २० मिनिटं झाली. दुसऱ्यांदा तर रात्री पावणेबाराला बादल्या भरता भरता. अम्मा बिड्या वळत ऐकते. भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे ना, तिथं तिनं मधेच विचारलं, ब्राझीलला पाऊस आपल्यासारखा चारच महिने का? याला सांगता आलं नाही. चिडून पुस्तक काढलं आणि ते पान दोनदा वाचलं. आता ते बरोबर सांगतो. चपलेचं खोकं मिळालं नाही, चादरीच्या पुठ्ठ्याचं केलंय. पाच रंगांचा तो कागद अजून भिंतीवर आहे, अम्मानं त्यावर पाण्याचे दिवस लिहायला घेतलेत.

विज्ञान २ चं काय करायचं सांगा. आकृत्या चिठ्ठीवर मावत नाहीत.