हाडाचा दगड होतो म्हणजे नेमकं काय होतं? आणि त्यावरून वेग, रंग, वय कसं काढतात?

गाळकण:
जीवाश्मांबद्दल वाचताना तीन ठिकाणी गाडी अडते. एक, हाड दगड होतं म्हणजे मूळ पदार्थ जाऊन त्या जागी दुसरा येतो, की नुसती भोकं भरतात? दोन, सगळीकडे लाखो वर्षं लागतात असं लिहिलेलं असतं. पण मांस तर काही दिवसांत कुजतं, मग स्नायू आणि पिसं टिकतात कशी? तीन, अमुक डायनोसॉर ताशी इतके किलोमीटर चालायचा, २८ वर्षांचा होता, शेपटी तांबूस होती, हे आकडे येतात कुठून? ढोबळ उत्तर नको, प्रक्रिया सांगा.

थरावरथर:
दोन्ही होतं, बहुतेकदा एकाच हाडात. ताज्या हाडाचं साधारण दोन तृतीयांश वजन खनिजाचं असतं, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचं. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन (हाडाला चिवटपणा देणारं तंतुमय प्रथिन) आणि पाणी. हाड गाळात गाडलं गेलं की आधी कोलॅजन सडतं आणि रक्तवाहिन्यांच्या नळ्या, पेशींच्या कोनाड्या मोकळ्या होतात. गाळातून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य), कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) किंवा लोहाची संयुगं विरघळलेली असतात. ती या पोकळ्यांत बसतात. मूळ फॉस्फेट बऱ्याचदा तिथंच राहतं, फक्त त्याचे स्फटिक मोठे होतात आणि पाण्यातलं फ्लोरिन, कधी युरेनियमही आत घेतात. म्हणून काही जीवाश्म हाडं किंचित किरणोत्सारी असतात. पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पेशींच्या कोनाड्या जशाच्या तशा दिसतात.

शिंपल्यांचं वेगळं. बऱ्याच कवचांत अ‍ॅरागोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचंच कॅल्साइटहून वेगळ्या रचनेचं रूप असतं आणि ते टिकाऊ नाही: एकतर त्याचं कॅल्साइट होतं, नाहीतर ते पूर्ण विरघळून खडकात नुसता पोकळ साचा उरतो. पुढे त्या साच्यात दुसरं खनिज भरलं की बाहेरून हुबेहूब शिंपला, आत मात्र त्याचा एक कणही नाही. अशा नमुन्याच्या आतल्या रचनेवरून प्राण्याबद्दल काही बोलायला जाल तर फसाल.

कार्बनी:
'लाखो वर्षं' हे जीवाश्माचं वय झालं, तो तयार व्हायला लागलेला वेळ नव्हे. मऊ भाग टिकायचा असेल तर खनिजाने कुजण्याला गाठायला हवं, आणि तेही लवकर. प्रयोगशाळेत कोळंबी बंद भांड्यात, ऑक्सिजन संपू देऊन कुजवली, तेव्हा काही आठवड्यांत तिच्या स्नायूंवर कॅल्शियम फॉस्फेट बसलेलं दिसलं. कारण सडताना आम्लता वाढते; त्या स्थितीत कार्बोनेट बसत नाही, फॉस्फेट बसतं. गंमत म्हणजे इथं कुजणं थोडं व्हावंच लागतं. ते अजिबात झालं नाही तर खनिजही बसत नाही.

दुसरी वाट पायराइटची, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाची. ऑक्सिजन नसलेल्या, लोह भरपूर असलेल्या गाळात सल्फेटवर जगणारे जिवाणू सल्फाइड सोडतात आणि प्रेताभोवती पायराइट तयार होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑर्डोव्हिशियन काळाच्या (सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या) एका पातळ थरात ट्रायलोबाइट या नामशेष, कवचधारी समुद्री प्राण्याच्या मिशा आणि पायसुद्धा असे उतरले आहेत. तिसरी वाट नुसत्या कार्बनच्या पापुद्र्याची. कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकथरातले सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे मऊ अंगाचे प्राणी त्यामुळे कळले.

पायराइटचे नमुने जपायला कटकटीचे. हवेत दमटपणा राहिला की पायराइटचं ऑक्सिडीकरण होतं, सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, पांढरी-पिवळी भुकटी पडते आणि शेवटी नमुना तडकून फुटतो. पाण्याने धुणं टाळा. कोरड्या बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

ढांगमोजणी:
वेग हाडांवरून नाही, पाऊलठशांवरून काढतात. सूत्र आर. मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ मध्ये मांडलं:

वेग = ०.२५ × √९.८ × (ढांग)^१.६७ ÷ (कंबरेची उंची)^१.१७

मापं मीटरमध्ये, उत्तर मीटर प्रति सेकंद. ढांग म्हणजे डाव्या ठशापासून पुढच्या डाव्या ठशापर्यंतचं अंतर. डाव्या-उजव्यातलं मोजलंत तर उत्तर पार खाली येईल. उंची मोजता येत नाही म्हणून ठशाच्या लांबीची चौपट धरतात. ठसा ५० सेंमी, ढांग २.६ मीटर असेल तर उंची २ मीटर आणि वेग सुमारे १.७, म्हणजे ताशी ६ किलोमीटरच्या आसपास. निवांत चाल.

चूक होते ती ठशाच्या लांबीत. चिखल सैल असला की पाय घसरतो आणि ठसा लांबतो. शिवाय कित्येकदा उघडा पडलेला थर पाय टेकला तो नसतोच, त्याच्या खालचा दबलेला थर असतो. तिथं कडा बोथट असतात आणि माप बदललेलं असतं. बोटांच्या कडा धारदार नसतील तर मी तरी दशांशातला आकडा लिहिणार नाही.

गाळकण:
आणि वय, रंग?

कार्बनी:
वय हाडाच्या आडव्या कापावरून. वाढ वर्षातून एकदा मंदावते, तिथं रेघ उमटते. 'स्यू' नावाच्या टिरॅनोसॉरसचं सुमारे २८ वर्षं हे वय रेघांवरूनच आलं. अडचण अशी की मज्जेची पोकळी वाढत जाते तशी आतल्या, बालपणीच्या रेघा पुसत जाते. म्हणून मांडीच्या जाड हाडात मोजलेला आकडा कमी भरतो. पोकळी कमी वाढते अशी बरगडी किंवा नडगीशेजारचं बारीक हाड बरं.

रंगासाठी पिसांतले मेलॅनोसोम, म्हणजे रंगद्रव्याचे सूक्ष्म कण बघतात: लांबट असले तर काळा-करडा, गोलसर असले तर तांबूस. सिनोसॉरॉप्टेरिक्स या पिसांच्या छोट्या डायनोसॉरच्या शेपटीवरचे तांबूस-पांढरे पट्टे २०१० मध्ये असेच ओळखले गेले. मात्र जमिनीखाली उष्णता-दाब लागला की मेलॅनोसोम आकसतात. आणि अन्नातून येणारे लाल-पिवळे रंग या पद्धतीत सापडतच नाहीत, तेव्हा चित्रातला प्रत्येक रंग पुराव्याचा समजू नका.

थरावरथर:
यात एक भर. एका जागी नुसत्या कवट्या आणि जबडे निघाले म्हणून 'इथं शिकाऱ्याने धडं पळवली' असं लगेच ठरवू नका. वाहत्या पाण्यात बरगड्या आणि मणके आधी वाहून जातात, हातापायाची लांब हाडं त्यानंतर, कवटी-जबडे सगळ्यांत शेवटी. त्यामुळे आधी लांब हाडं एका दिशेत लागली आहेत का, टोकं घासून गोल झाली आहेत का आणि भोवतालचा गाळ जाड वाळूचा आहे की बारीक चिखलाचा, ते पाहा. बारीक चिखलात, न घासलेल्या कडांच्या नुसत्याच कवट्या मिळाल्या, तर मग शिकाऱ्याचा विचार करायला हरकत नाही. दातांच्या खुणाही शोधा.