पोलीस व्हायचं म्हणून केलेली डिग्री: अनुभव लिहा

रात्रपाळी
काल सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर चालायला गेलो होतो. कठड्यावर एक पोरगा बसलेला, पायाशी कापडी पिशवी. वाटलं भाजी असेल. त्यानं पिशवी उचलली, बंद असे ताणले की लगेच कळलं, आत गोळाफेकीचा गोळा आहे. ७.२६ किलो. स्वतःचा आधार नंबर मला पाठ नाही, पण हा आकडा मरेपर्यंत विसरणार नाही.

२००६ ते २००९, मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं ते फक्त फौजदारकीसाठी, म्हणजे पीएसआय व्हायला. पदवी कुठलीही चालते, मग हजेरी न मागणारी घेतली. अंबडच्या कंपनीत रात्रपाळी, सुटलो की सायकलवर थेट मैदान, मग झोप, संध्याकाळी सावानात (सार्वजनिक वाचनालयात) अभ्यास. समाजशास्त्राचं पुस्तक मशीनशेजारी उभं राहून वाचलेलं. अजून आहे घरी, कुटुंबसंस्थेच्या प्रकरणावर ऑइलचा काळा अंगठा उमटलाय.

फौजदार झालो नाही. एकदाच मैदानी चाचणीपर्यंत पोचलो, तिथे पुलअप्सनी घात केला. आठ काढायचे, सहाव्याला नुसता लटकत राहिलो. खाली उतरल्यावर परीक्षक म्हणाले, "पाणी पी." तेवढंच. पुढे त्याच कंपनीत सुपरवायझरची जागा निघाली, त्यांना ग्रॅज्युएट हवा होता. डिग्री केली पोलिसासाठी, कामाला आली कंपनीच्या.

तुमचं काय झालं? वर्दी मिळाली असो नसो, लिहा.

सिन्नरकर
फौजदारकीला छाती ७९ सेंटीमीटर लागते आणि फुगवून ५ जास्त. माझी ७८ भरायची. आईनं वर्षभर म्हशीचं दूध पाजलं, पोट वाढलं, छाती तिथेच. शेवटी तलाठी झालो, आता सातबारे बघतो.

चारशेमीटर
@सिन्नरकर हाहा. आमच्याकडे केळी आणि भिजवलेले हरभरे. रूमभर वास. घरमालकीण आजी म्हणायच्या, "पोरांनो, तबेला केलाय का?"

निशिगंध
दादा, सहावा पुलअप वाचून पोटात कालवलं.

माझी उंची १५६. फौजदारकीच्या सरळ भरतीला मुलींना १५७ लागते. एका सेंटीमीटरसाठी मी दाराच्या चौकटीला लटकायचे, वडील म्हणायचे चौकट वाढेल, तू नाही. शिपायाला १५५ चालते, म्हणून बारावीवर भरती दिली, लागले. पण डोक्यातून फौजदाराच्या खांद्यावरचा स्टार जाईना. मग नोकरीत राहून बी.ए. सुरू केलं, राज्यशास्त्र. "ज्ञानगंगा घरोघरी" म्हणतात ना, आमच्याकडे ती ठाण्यात आली. रात्री दोननंतर तक्रारदार कमी येतात, तेव्हा स्टेशन डायरीखाली पुस्तक. हवालदार काका मुद्दाम मोठ्यानं खोकायचे, साहेब आले की कळावं म्हणून.

२०१५ च्या कुंभात रामकुंडावर होते. १३ सप्टेंबरचं शाहीस्नान, पहाटेपासून उभी. पुस्तक नेता येईना म्हणून पानं सुटी करून खिशात ठेवली होती, पावसानं आणि घामानं त्यांचा लगदा झाला. त्यात एका आजींचा मुलगा हरवला. मुलगा साठीचा! तो सापडेपर्यंत आजींनी माझा हात सोडला नाही, आणि मी मनातल्या मनात घटनादुरुस्त्या म्हणत होते. ४२ वी, ४४ वी, ७३ वी, ७४ वी.

खात्यांतर्गत परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली. त्र्यंबक रोडच्या अकादमीच्या ज्या गेटवर कधी बंदोबस्ताला उभी होते, त्याच गेटातून ट्रंक घेऊन आत गेले. दीक्षांत संचलनाला आई आली होती. बँड सुरू झाला तरी तिचं एकच, "ऊन किती आहे गं, टोपी नीट घाल."

रात्रपाळी
मॅडम, सलाम. त्या आजींचा मुलगा कुठे सापडला?

निशिगंध
चहाच्या टपरीवर. आजींना शोधतोय म्हणाला, पण हातात वडा होता.

वकीलसाहेब_नाही
मी जरा शहाणपणा केला. म्हटलं पोलीस व्हायचंय तर कायदाच शिकू, फायदा होईल. बी.ए.नंतर एलएल.बी. धरलं. दोन वर्षं कलमं घोकली, झोपेत विचारलं तरी ३०२, ३०७, ४२० सांगायचो. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि सगळं पाठांतर गोदावरीत. खून आता १०३, खुनाचा प्रयत्न १०९, फसवणूक ३१८. मित्राला "चारसोवीस" म्हणायची सोय राहिली नाही, "तीनशे अठरा" म्हटलं तर तो बिल समजतो.

पूर्वपरीक्षेत तीन मार्कांनी गेलं. आता कोर्टात बसतो, पोलीसच माझ्याकडे कागद घेऊन येतात. तेवढंच समाधान.

आईच्यानावाने
ताई-दादा, माझा मुलगा शेवटच्या वर्षाला आहे, बी.कॉम. तो आत्ताच फॉर्म भरू शकतो का? घरात कोणाला काही कळत नाही, तो सांगतही नाही नीट.

निशिगंध
काकू, एमपीएससीच्या संयुक्त पूर्वपरीक्षेला शेवटच्या वर्षाची मुलं बसू शकतात. मुख्यचा फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत निकाल हातात हवा. बी.कॉम. चालतं. रागवू नका त्याला.

आईच्यानावाने
रागावत नाही गं, पण पहाटे चारला उठून पळतो आणि घरी येऊन आठ पोळ्या खातो.

चारशेमीटर
आठ म्हणजे कमीच काकू.

सिन्नरकर
पळून आल्यावर मिसळ खाऊ नका असं आमचे सर रोज सांगायचे. रोज त्यांना मिसळीच्याच हॉटेलात पकडायचो. तर्री जास्त, वर दही.

माती_आणि_शाई
मी फार लिहिणार नाही. एका क्लासने दोन वर्षांची फी एकदम घेतली आणि चार महिन्यांत शटर. वडिलांनी द्राक्षाच्या पैशातून भरली होती, त्या साली गारपीटही झाली. मग करोना, परीक्षा पुढे, परत पुढे. खुल्या गटाला वयाची अट ३१ वर्षं. माझी ती तारीख घरात बसून निघून गेली. वाढदिवसाला मित्रांनी केक आणला, मी खोलीतून बाहेर आलो नाही. बी.ए.ची मार्कशीट आहे, ६३ टक्के. निफाडला कृषी सेवा केंद्र चालवतो.

रात्रपाळी
भाऊ. काय बोलू. एकदा भेटू, चहा माझ्याकडून.

वकीलसाहेब_नाही
फीची पावती असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. मनापासून.

माती_आणि_शाई
पावती उंदरांनी खाल्ली साहेब. पण धन्यवाद. गडचिरोलीकडे फौजदार असलेला माझा रूममेट अजून दर दिवाळीला फोन करतो, "तुझ्या नोट्सवर पास झालो." त्या नोट्स मी त्याला पंचवटीच्या खोलीत दिल्या होत्या, खाली किराणा, वर आम्ही सहा जण, जिन्यात तुळस.

चारशेमीटर
थांबा थांबा. जिन्यात तुळस, आणि नळ गळायचा? बादली लावलेली?

माती_आणि_शाई
निळी बादली. कडी नसलेली.

चारशेमीटर
अरे देवा! तबेलावाल्या आजी त्याच! मी २०१३ ला होतो. तुम्ही?

माती_आणि_शाई
२०१६. माझ्या खाटेवर कोणीतरी खिळ्यानं "१६०० मी. ५:१०" कोरून ठेवलं होतं.

चारशेमीटर
मीच तो. खोटं होतं, ५:४० लागायचे.

सिन्नरकर
म्हणून यांचं नाव चारशेमीटर.

आईच्यानावाने
त्या आजी आहेत का अजून? माझ्या मुलाला तिकडे खोली मिळेल का, घरून मैदान लांब पडतं.

चारशेमीटर
काकू, रविवारी जाऊन बघून येतो. बादली असली तर आजीही असतील.