पुन्हा स्कॅन करावे लागू नये म्हणून
फिल्म निगेटिव्ह स्कॅन करताना रिझोल्यूशन ४८०० वरून २४०० डीपीआयवर (दर इंचाला २४०० बिंदू) आणल्यास वेळ वाचतो असे म्हणतात, ते मला मान्य आहे. ४×५ इंची निगेटिव्हमधून तरीही सुमारे साडेअकरा कोटी पिक्सेल मिळतात. मात्र कृष्णधवल फिल्मसाठी इन्फ्रारेड धूळ-निवारणही (इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून ती चित्रातून काढणारी स्कॅनरची सोय) बंद ठेवावे, कारण त्यातील चांदी इन्फ्रारेड किरण अडवते आणि वेळ खर्चून चित्र उलट बिघडते.

माझा खरा वेळ मात्र स्कॅन पुन्हा करण्यात जात असे. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत फिल्म मऊ पडून मध्येच काचेला टेकते आणि आकाशाच्या सपाट भागात न्यूटनची वलये (टेकलेल्या जागेभोवती दिसणारी गोल रेघांची नक्षी) उमटतात, जी (निदान मला तरी) संगणकावर पुसता आलेली नाहीत. अँटी-न्यूटन काच वापरू लागल्यापासून बहुतेक निगेटिव्हना एकच स्कॅन पुरतो.