मदत हवी आहे: सोलर पंपाच्या अनुदानाचा दुसरा हप्ता अडकलाय

पाटपाणी: शेतकरी गटाच्या पंपाचा दुसरा हप्ता अडकलाय. कागद सगळे दिले, तरी 'खर्च अपात्र' असं पत्र आलं. ड्रिपच्या नळ्या शेडमध्ये पडून आहेत, रोपं लावायची वेळ निघून चाललीय. काय करू?

जमाखर्च: देश कोणता? पैसा कर्जाचा की अनुदानाचा? कोणता खर्च अपात्र?

पाटपाणी: मलावी. सरकारने बाहेरून घेतलेल्या कर्जावरचा प्रकल्प, गटाला मॅचिंग ग्रँट (गटाने आपला वाटा घातला की मिळणारं अनुदान). पंप, पॅनेल, पाइप अशी तीन बिलं.

सोयाबीन: भारताच्या एक्झिम बँकेची लाइन ऑफ क्रेडिट बघा. सेनेगलला त्यातूनच किर्लोस्करांचे पंप गेले.

जमाखर्च: ते सरकारने सरकारला दिलेलं कर्ज, गटाला अर्जच करता येत नाही. साधारण ७५ टक्के माल भारतातूनच घ्यावा लागतो, तो भाग वेगळाच.
पाटपाणी, तिन्ही बिलं एकाच दुकानाची, एकाच तारखेची?

पाटपाणी: हो, नंबरही ओळीने. वेगवेगळं घेतलं की दरपत्रकं लागत नाहीत, असं सांगितलं होतं.

जमाखर्च: मग तिथेच अडलंय. आयफॅड (संयुक्त राष्ट्रांचा शेती विकास निधी) असो की जागतिक बँक, ज्या रकमेपासून दरपत्रकं लागतात ती मर्यादा चुकवायला खरेदीचे तुकडे केले की खर्च अपात्र. मागच्या तारखेची दरपत्रकं अजिबात जोडू नका, ती फसवणूक ठरते. चूक लेखी मान्य करा. तेवढी रक्कम परत भरू, की त्याऐवजी दुसरा पात्र खर्च दाखवू, हे प्रकल्प कार्यालयाला विचारा. बाकी हिशेब वेगळा काढून आजच द्या: बिल, बँकेचा उतारा, माल मिळाल्याची पावती, पंपाच्या सिरीयल नंबरचा फोटो. करारात व्हॅट वगळलेला असेल तर तोही बाजूला काढा.

काळीमाती: पंपांपेक्षा खत द्या. २००५-०६ च्या सबसिडीनंतर मलावीत मका भरपूर पिकला.

चुनखडी: ५० किलो युरियात नत्र २३ किलो. पाऊस लांबला किंवा माती आम्लधर्मी असली की त्यातलं बरंच वाया. शिवाय खत डॉलरमध्ये येतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं (मलावीचं चलन) अवमूल्यन होऊन डॉलर ४४ टक्क्यांनी महागला, तेव्हा तेवढ्याच पैशात पिशव्या किती आल्या असतील?

काळीमाती: पॅनेलही डॉलरमध्येच येतात.

चुनखडी: एकदाच येतात. खत दर हंगामाला लागतं.

पाटपाणी: गटाचा वाटा चर खणायच्या मजुरीतून दाखवलाय. हजेरीवर अंगठे आहेत, तारखा नाहीत.

जमाखर्च: ती मजुरी वाट्यात धरणार नाहीत. हजेरी आहे तशी जोडा, नव्याने लिहू नका. राहिलेल्या चरांसाठी उद्यापासून रोजची हजेरी ठेवा: नाव, तारीख, किती मीटर, कोणत्या दराने. खाली गावप्रमुखाची सही. वाटा कमी पडला तर तेवढे रोख भरावे लागतील.