सस्पेन्शनचा आवाज वॉरंटीत नीट काढून घेणे: तुमचे अनुभव लिहा

वळणवाट
आत्ता खिडकीखालून एक कोरी गाडी टकटक करत गेली आणि हा जुना विषय पुन्हा वर आला. जाणकारांनी इथे लिहावं, म्हणजे पुढच्यांचे हेलपाटे वाचतील. सुरुवात मी करते.

'गाडी आवाज करते' एवढ्या तक्रारीवर सर्व्हिस सेंटरमध्ये काम होत नाही. अ‍ॅडव्हायझर जॉब कार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) 'सस्पेन्शन चेक' लिहितो, आत चार बोल्ट आवळले जातात आणि संध्याकाळी 'ओके' शेरा मारून गाडी परत मिळते. तक्रार अशी लिहून घ्या: 'पुढून डावीकडून टकटक, २० ते ३० च्या वेगात, एकच चाक लहान खड्ड्यात गेल्यावर, गाडी गार असताना जास्त.' बाजू, वेग, रस्ता, गार की गरम या चार गोष्टी असल्याशिवाय कार्डवर सही करू नका. आणि गाडी आत जाण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज ऐकवा. अ‍ॅडव्हायझरला नाही, जो पाना धरणार आहे त्याला. त्याने आवाज ऐकला की अर्धं काम झालं.

पानापक्कड
वळणवाट ताई, एकच चाक खड्ड्यात हा मुद्दा फार महत्त्वाचा. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी आडवी दांडी) पिळला जात नाही, त्यामुळे लिंक रॉडवर (बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारी छोटी दांडी) जोर येत नाही. एकच चाक वरखाली झालं की बार पिळतो आणि लिंकच्या बॉल जॉइंटमध्ये प्ले (ढिलेपणा) असेल तर टकटक येते. म्हणजे स्पीडब्रेकरवर शांत आणि खराब रस्त्यावर टकटक असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर.

तपासताना हमखास होणारी चूक: एकाच बाजूला जॅक लावून लिंक हलवून बघतात. तेव्हा बार ताणलेला असतो, लिंक घट्ट लागते आणि 'प्ले नाही' असं उत्तर मिळतं. दोन्ही चाकं एकाच पातळीवर हवीत, एकतर दोन्ही जमिनीवर किंवा दोन्ही लटकलेली. मग लिंक हाताने जोरात हलवली की खट्ट लागतं.

तरीही खात्री नसेल तर दोन्ही बाजूंच्या लिंक तात्पुरत्या सोडवून, नीट बांधून, आवारातच हळू चालवून बघायला सांगा. आवाज गेला तर दोष लिंक किंवा बारच्या बुशचा (बार धरून ठेवणाऱ्या रबराचा). पाचेक मिनिटांचं काम आहे, पण मागितल्याशिवाय कोणी करत नाही.

सईची आई
आमच्या गाडीचा आवाज पावसात गायब होतो आणि ऊन पडलं की परत करकर. हे काय असेल? घाईत विचारतेय, कुकर लावलाय.

पानापक्कड
@सईची आई, करकर आणि ओलं झालं की बंद, म्हणजे बहुतेक रबर बुश. बारचे बुश आधी बघायला सांगा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात लावू देऊ नका, रबर फुगतं आणि सैल पडतं. सिलिकॉन ग्रीस चालतं, पण वॉरंटीत असताना ग्रीसवर भागवू नका, बुश बदलूनच घ्या. ग्रीस धुऊन जाईपर्यंत वॉरंटी संपलेली असते.

सईची आई
धन्यवाद दादा! सोमवारी गाडी टाकते.

चाकधर
सगळे पुढच्या लिंकवरच थांबू नका. आवाजावरून भाग ओळखता येतो:

उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवताना 'टण्ण' होऊन स्प्रिंग उडी मारल्यासारखी वाटते तेव्हा स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाच्या) वरचं बेअरिंग किंवा माउंटिंग. एकाने स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने स्प्रिंगला बाहेरून बोटं टेकवून ठेवायची (वेटोळ्यांच्या मध्ये घालायची नाहीत). झटका बोटांना लागतो.

ब्रेक मारताना एक 'धप' आणि रिव्हर्समध्ये निघताना दुसरा 'धप', तर लोअर आर्मचा (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या भागाचा) मागचा बुश. टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म पुढेमागे ढकलला की रबराची चीर उघडते.

खड्ड्यांवर खडखड, पण ब्रेक पॅडल अगदी हलकं दाबून धरलं की बंद? मग तो सस्पेन्शनचा आवाज नाहीच. कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिन किंवा पॅडच्या क्लिप सैल आहेत. या एका चाचणीवाचून कित्येक गाड्यांचे चांगले शॉकअप विनाकारण उतरवले जातात.

निवांत
आणि डिकी रिकामी करा आधी! जॅक, स्टेपनीचा बोल्ट, मागच्या सीटबेल्टचं बकल. मागून खटखट म्हणून नेलेल्या गाडीत जॅकच सुटा सापडतो.

रेवा_
+१ निवांत. टायरमधली हवाही बघा. दारावरच्या स्टिकरपेक्षा जास्त भरलेली असेल तर प्रत्येक खड्डा 'धाड्' लागतो. टायर गार असताना मोजायची.

निवांत
रेवा_, टायरमध्ये नायट्रोजन भरण्यावर तुमचं मत काय? तिथे दर वेळी आग्रह करतात.

रेवा_
आवाजाशी काही संबंध नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाब बरोबर ठेवा, बस.

मोहर
शॉकअपबद्दल लिहिते, कारण क्लेम तिथेच जास्त अडतो. सीलजवळ धूळ चिकटलेली पातळ ओल दिसली तर 'हे नॉर्मल आहे' म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. तेल ओघळून खालच्या कपापर्यंत (स्प्रिंग बसते तिथवर) आलं असेल तर ती गळती. वाद नको असेल तर त्यांच्यासमोर शॉकअप कोरडा पुसा, फोटो काढा, काही दिवस चालवून त्याच कोनातून पुन्हा फोटो. दोन्ही फोटोंवर तारीख हवी आणि जॉब कार्डवर किलोमीटर.

रिम वाकलेला किंवा आर्मवर दगडाची खूण असेल तर 'बाहेरून मार लागला' म्हणून क्लेम नाकारतील. म्हणून गाडी देताना चारही चाकांचे आणि खालच्या बाजूचे फोटो काढून ठेवा. वॉरंटी पुस्तिकेत रबर बुश, शॉकअप यांची मुदत वेगळी आणि कमी असू शकते. ते पान आधी वाचा. वाढीव वॉरंटीत बुश वगळलेलेही असतात.

वळणवाट
मोहर, मुदतीचा मुद्दा बरा काढलास. मुदत संपत आली असेल तर पार्ट येण्याची वाट बघत बसू नका. तक्रार मुदतीत नोंदवली आहे हे दाखवणारं जॉब कार्ड हातात ठेवा आणि 'पार्ट मागवला आहे' हे त्यावरच लिहून घ्या. फोनवरच्या आश्वासनाला काही अर्थ नाही. 'आवाज आढळला नाही' म्हणाले तर तेही लिहून मागा. तोच आवाज पुढे परत आला तर हाच कागद उपयोगी पडतो.

चाकधर
आता सगळ्यात महत्त्वाचं, पार्ट बदलूनही आवाज परत का येतो.

लोअर आर्मच्या बुशमधलं रबर धातूला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. गाडी टू पोस्ट लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि त्याच अवस्थेत आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. काही महिन्यांत चिरतं. मग 'तुमच्याकडचे रस्ते खराब' हे ठरलेलं उत्तर. योग्य पद्धत अशी: बोल्ट हातघट्ट, गाडीचं वजन चाकांवर, मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) शेवटचा आवळा. फोर पोस्ट लिफ्ट किंवा खड्डा असेल तर सोपं. नसेल तर आर्मखाली जॅक लावून गाडी नेहमी बसते त्या उंचीला आणायची. डिलिव्हरीआधी एवढा एकच प्रश्न विचारा, 'शेवटचं आवळलं तेव्हा चाकं कुठे होती?'

स्ट्रट उघडला असेल तर स्प्रिंगचं खालचं टोक कपातल्या खाचेला टेकलंय का बघा, नाहीतर नवीन 'टण्ण' सुरू होतो. वरचा नट इम्पॅक्ट गनने सोडवला-आवळला तर रॉड गरगर फिरतो आणि सील खराब होतं. रॉड आतून अ‍ॅलन कीने धरूनच नट फिरवायचा. सेल्फ लॉकिंग नट जुने परत वापरू देऊ नका.

मोहर
चाकधर, हे प्रिंट काढून अ‍ॅडव्हायझरच्या टेबलावर ठेवण्यासारखं आहे.

सईची आई
आर्म बदलला तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) लागेलच ना? ती वॉरंटीत येते का?

चाकधर
लागतेच, स्ट्रट काढला तरी लागते. आर्म त्यांनी क्लेममध्ये बदलला तर अलाइनमेंट त्याच कामाचा भाग आहे असं आधीच सांगा आणि जॉब कार्डवर टाकायला लावा. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही प्रिंटआउट मागा. काही ठिकाणी तरीही वेगळे पैसे लावतात, ते पुस्तिकेत बघून ठेवा.

पानापक्कड
@सईची आई, सोमवारी शक्य असेल तर गाडी आदल्या रात्रीच तिथे लावून ठेवा. गार रबराचा आवाज सकाळच्या पहिल्या फेरीतच येतो. तुम्ही चालवत नेलीत तर पोचेपर्यंत तो बंद झालेला असेल.

सईची आई
रविवारी त्यांचं गेट बंद असतं, शनिवारी संध्याकाळीच सोडते मग. किल्ली कोणाला दिली ते लिहून घेईन.