घटकेत ऊन, घटकेत पाऊस: नव्या देशातल्या लहरी हवेत रोजची तयारी कशी करता? (मदत हवी आहे)

नमस्कार,

नव्या देशात येऊन चार महिने होत आले. घर मिळालं, कामात रुळले, भाषाही कानाला सरावली. इथली हवा मात्र अजून कळत नाही आणि आता त्याचा खरोखर त्रास होतो आहे.

आजवर राहिले तिथे पावसाचे महिने ठरलेले असत. इथे एका दिवसात काय काय होईल सांगता येत नाही. परवाचंच बघा. सकाळी लख्ख ऊन, १७ अंश. चार वर्षांच्या लेकाला पातळ शर्टावर पाळणाघरात सोडलं. अकराच्या सुमारास वारा फिरला, आभाळ भरून आलं. दुपारी त्याला आणायला गेले तर ८ अंश आणि तिरपा पाऊस. छत्री पहिल्याच झोतात उलटली. दहा मिनिटांची वाट, पण घरी पोचेतो दोघंही चिंब. रात्री पांघरुणात घेतल्यावरही त्याचे पाय किती तरी वेळ गार होते. फार वाईट वाटलं.

मग दोन दिवस जाड कोट घातले. ऊन पडलं की आतून घाम, आणि त्या घामावर वारा लागला की हुडहुडी.

ॲप बघते, पण "पावसाची शक्यता ४० टक्के" यावरून काय ठरवायचं? दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस पडणार, असं मी धरून चालले होते.

खरं सांगायचं तर कपड्यांपेक्षा दुसरंच जास्त सलतं. मी बाहेर पडणंच टाळायला लागले आहे. बागेत जायचं ठरवते, ढग दिसले की रद्द करते, आणि लेक बूट घालून दाराशी उभा असतो. अशा हवेत बरीच वर्षं काढलेल्यांनी सांगा, सकाळी नेमकं काय बघून ठरवता?

प्रतिसाद १

बारा वर्षं अशाच हवेत काढली आहेत, म्हणून लिहितो.

आधी ते ४० टक्के. तुमच्या ठिकाणी त्या वेळात पाऊस पडण्याची शक्यता तेवढी, एवढाच त्याचा अर्थ. किती वेळ पडेल किंवा किती जोराचा असेल, हे त्यात नसतं.

दुसरं म्हणजे कमाल तापमानाच्या आकड्यावर दिवस ठरवू नका. साधारण ३० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात उष्ण आणि थंड हवा एकमेकींना भिडतात आणि कमी दाबाचे पट्टे बहुतेकदा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातात. त्यांच्यामागून थंड हवेची आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, आली की तासाभरातही तापमान धाडकन उतरू शकतं. परवा तुमच्याकडे बहुधा तेच झालं. १७ हा आकडा खरा होता, फक्त तो सकाळचा होता.

म्हणून तासागणिक अंदाज उघडा आणि त्यात वाऱ्याची दिशा बघा. उत्तर गोलार्धात आघाडी जाताना वारा नैऋत्येकडून वायव्येकडे वळतो, दक्षिण गोलार्धात वायव्येकडून नैऋत्येकडे. ज्या तासाला हा बदल दिसेल, त्याच्या आत बाहेरची कामं उरकायची. निघण्याआधी पावसाचा रडार नकाशाही बघा. पुढच्या तासाभरासाठी मला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही सापडलेलं नाही. दहा दिवसांपुढचा अंदाज मी उघडतही नाही.

प्रतिसाद २

माझीही दोन मुलं इथेच लहानाची मोठी झाली, त्यामुळे तुमची घालमेल कळते.

एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर घाला. अंगालगत सुती नको. सुती कापड घाम आणि पाणी धरून ठेवतं, आणि ओलं अंग कोरड्यापेक्षा कितीतरी लवकर गार पडतं. आत पातळ लोकरी किंवा लवकर वाळणारं कापड, मधे ऊब देणारं काहीतरी, वर वारा-पाऊस अडवणारं टोपीचं जॅकेट. ऊन आलं की मधला थर पिशवीत. छत्री वाऱ्यात निरुपयोगीच, विसरा ती.

वाऱ्याचा हिशेबही धरा. ५ अंश असताना ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला शून्यासारखं लागतं. पाळणाघरात कपड्यांचा एक पूर्ण जोड आणि दोन मोज्यांचे जोड कायमचे ठेवून द्या. यानं माझी निम्मी काळजी गेली.

आणि ढग बघून बेत रद्द करू नका हो, छोटा करा. दीड तासाऐवजी वीस मिनिटं जा. पोरांना भिजल्याचं काही वाटत नाही, ओल्या कपड्यात बसून राहावं लागलं की ती कंटाळतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. टक्क्यांचा अर्थ चार महिने चुकीचा घेत होते!

आत्ताच तासांचा अंदाज बघितला. उद्या एकच्या सुमारास वारा फिरेल असं दिसतंय, म्हणजे नऊलाच बागेत जातो. मोज्यांचे जोड आजच पिशवीत भरले.

एकच राहिलं. हातमोजे तो पाच मिनिटांत काढून टाकतो आणि मग बोटं लाल होतात. यावर कुणाकडे उपाय आहे का?